साडेसातनंतरचं व्हायोलिन

माझे सासरे दिनानाथ यांना जगातलं निम्मं संगीत ठाऊक होतं. निम्मं म्हणजे घड्याळ लावून निम्मं. सकाळी सव्वासातला रेडिओवर शास्त्रीय गाणं सुरू व्हायचं आणि पावणेआठला संपायचं. बाबा साडेसातपर्यंत ऐकायचे आणि उठून चालू लागायचे, मग गाणारा कितीही मोठा असो. मी त्र्याण्णव साली लग्न होऊन चिंचपोकळीहून आगाशीला आले. पहिल्याच आठवड्यात हा प्रकार बघून मी नवऱ्याला विचारलं, "तुझ्या बाबांना गाणं आवडतं की नाही, एक काय ते सांग." जितेंद्र म्हणाला, "आवडतं गं. पण साडेसातला पाणी काकांचं असतं ना."

आमची केळीची आणि पानवेलीची वाडी. विहीर एक आणि हिस्सेदार दोन, बाबा आणि त्यांचे चुलतभाऊ पांडुरंगकाका. पहाटे साडेपाच ते साडेसात पाणी आमचं, पुढे त्यांचं. आणि रीत अशी, की ज्याची पाळी संपली त्याने मोटर बंद करायची आणि स्वतः चालत जाऊन दुसऱ्याच्या दारात सांगायचं, "पानी मोकळं झालं." हाक मारून चालत नाही, पोराबाळाला पाठवून चालत नाही. ह्या दोघांचे वडील दहा मिनिटांच्या पाण्यावरून भांडले होते आणि एकोणीस वर्षं एकमेकांच्या लग्नाकार्याला गेले नव्हते. ते दोघे गेल्यावर मुलांनी भांडण मिटवलं आणि ही रीत घातली. काकांचं घर वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला. जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं. बाबा परत येईपर्यंत रेडिओवर खतांची माहिती चालू झालेली असायची.

रेडिओ उचलून न्यावा म्हटलं तर तो केवढा! पत्र्याच्या ट्रंकेएवढा, विजेवर चालणारा, मोटरच्या खोपीत फळीवर ठेवलेला, आणि त्याची तार बाहेर सुपारीच्या झाडाला बांधलेली. घरात एक टेपरेकॉर्डरही होता, पण तो जितेंद्रने दुरुस्तीसाठी उघडून ठेवला होता. आमच्याकडे उघडलेली वस्तू सहसा मिटत नाही.

मला त्या गाण्यात काडीचाही रस नव्हता, हे आधीच सांगते. मी सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेली. सकाळी सात वाजून पाच मिनिटांची विरारची बस पकडायची, ऑफिस गाठायचं, संध्याकाळी तशीच धापा टाकत परत. पण रविवारी चहा घेऊन खोपीपाशी जावं लागायचं, आणि बाबांना सवय अशी की ऐकताना ते कुणाशी तरी बोलायचे. सासूबाई, चंद्रकांताआई, तिथे फिरकायच्याही नाहीत. "तुमच्या त्या रडारडीपाशी मी नाही येनार," म्हणायच्या. मग सापडायची मी.

बाबांना गाणाऱ्यांचं काही नव्हतंच. त्यांचा जीव साथीदारांवर. एक तबलजी होता, त्याचं नाव बाबांनी 'थांब्या' ठेवलं होतं. "हा बघ, वाजवायला हात शिवशिवतोय, तरी थांबलाय," म्हणायचे आणि स्वतःच खूश व्हायचे. तंबोरा धरून बसणाऱ्या एका बाईबद्दल त्यांना फार वाटायचं, ती त्यांनी कधी पाहिलेली नसताना. "तासभर तेच तेच छेडायचं, आनि नाव कोन घेत नाय." ही सगळी मंडळी बाबांना अशी टोपणनावांनीच ठाऊक. कारण गाणाऱ्याचं नाव सुरुवातीला सांगतात आणि साथीदारांची अगदी शेवटी, आणि शेवटी बाबा काकांच्या दारात.

सगळ्यांत लाडका होता 'मागचा'.

मागचा म्हणजे व्हायोलिनवाला. एका बाईंचं एक रेकॉर्डिंग होतं, सकाळच्या रागातलं. ते सात-आठ महिन्यांतून एकदा लागायचं. कधी लागेल ते आधी कळायचं नाही. बाईंचं नाव मी इथे सांगत नाही, बाबांना त्यांच्याबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. मागचा त्यांना कसा सापडला, ते त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी स्वतः तिथे होते असं वाटतं. चौऱ्याऐंशी सालचा थंडीचा दिवस. वाडीत धुकं इतकं, की केळीची पानं दिसत नव्हती, नुसती टपटप ऐकू येत होती. पाट फुटला म्हणून बाबा चिखलात गुडघे टेकून बांध लिंपत होते. खोपीतून बाईंचा आवाज येत होता. बाई श्वास घ्यायला थांबल्या, आणि गाणं थांबलं नाही.

"बाई श्वास घेते तेव्हा कोन गातो, म्हनून मी मान वर केली," बाबा सांगायचे. "हातात चिखलाचा गोळा तसाच. आवाज तिचाच, पन तिचा नाय. ती जिथं ठेवून गेली तिथून उचलतो, जरा पुढं नेतो, नि ती आली की तिच्या हातात देऊन मागं सरतो. तिला कळतही नसंल."

तेव्हापासून त्या माणसाला एकदा भेटायचं, इतकंच त्यांच्या मनात होतं. भेटून काय करणार, विचारलं तर म्हणायचे, "सांगीन, ऐकलं म्हनून." अकरा वर्षं हा माणूस 'ऐकलं' एवढं सांगायला एका नावाची वाट बघत होता. आणि नाव साडेसातनंतर यायचं.

मी स्वभावाने तापट. मला असलं सहन होत नाही. मी तडक पांडुरंगकाकांकडे गेले आणि म्हटलं, "काका, सकाळी पंधरा मिनिटं उशिरा घ्या ना पाणी." काका दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, "अगो, मी आठशिवाय मोटर लावतच नाय. माझी पूजा असते. दिन्या येतो, सांगतो, मी हो म्हनतो."

"मग त्यांना सांगितलं का नाहीत इतकी वर्षं?"

"त्यानं विचारलं का नाय?"

डोक्याला हात लावला मी. धावत येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. बाबा नुसते हसले. म्हणाले, "तो देईल गं. पन मी घेनार नाय. आज मी पंधरा मिन्टं घेतली, तर उद्या त्याचा पोर माझ्या पोराकडं मागील, नि परवा मोजाया बसतील." आणि साडेसातला उठून चालू लागले. पाठमोरी टोपी केळींतून दिसेनाशी होईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले, ते लिहीत नाही.

पंच्याण्णवच्या जानेवारीत मी बाळंतपणाच्या रजेवर घरी होते. आठवा सरून नववा लागलेला. पाय सुजलेले, झोप नाही, पहाटे उठून खोपीच्या पायरीवर जाऊन बसायचं हाच विरंगुळा. वाडीत तेव्हा मोगरा नसतो, पण ओल्या मातीचा आणि केळीच्या सालींचा एक वास असतो, त्याने बरं वाटायचं. एका सकाळी बाबांनी झटकन हात वर केला. मोटरच्या घरघरीतून ते आलं. बाईंचा आवाज, मग श्वास, आणि मग तो. पहिल्यांदाच मला तो ऐकू आला. म्हणजे कानावर आधीही पडला असेल, पण ऐकू त्या दिवशी आला. पोटात पोरीने पाय मारणं थांबवलं. मला वाटलं, कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून नुसतं बसलंय, काही विचारत नाही. मी रडले. का रडले, कुणी विचारलं असतं तर खेकसले असते.

साडेसात झाले. बाबांनी मोटर बंद केली. ती बंद झाल्यावर तर व्हायोलिन अख्ख्या वाडीत भरून राहिलं. बाबा दारात क्षणभर उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं. "नाव ऐक," म्हणाले आणि गेले.

मी ऐकलं. जपून, ओठ हलवत ऐकलं. बाबा परत आले तेव्हा मी सुजल्या पायांनी अर्ध्या वाटेत उभी होते. "वामनराव अडिवरेकर," मी सांगितलं. बाबांनी ते नाव दोनदा म्हटलं. मग विचारलं, "पुढं काय करतो तो? शेवट कसा करतो?"

आता हे मी कसं सांगणार? मला ना सूर, ना ताल. मी म्हटलं, "पुढे... जलद होतं." बाबा "बरं" म्हणाले. इतकं वाईट मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. त्यानंतर ते रेकॉर्डिंग पुन्हा लागलंच नाही.

आमची मुलगी क्षितिजा पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा, शहाण्णवच्या डिसेंबरात, विरार स्टेशनबाहेर मी एक पत्रक पाहिलं. एका शाळेच्या सभागृहात वामनराव अडिवरेकर यांचं व्हायोलिनवादन. मी बाबांना तयार केलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, सुकेळ्यांचा पुडा बांधून घेतला. आगाशीची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, आमच्याकडे मोठ्या माणसाला हेच नेतात. बसमध्ये ते पुडा मांडीवर धरून बाहेर बघत बसले होते. शाळेत पहिल्या दिवशी जाणारं पोर बसतं तसे.

वामनराव सत्तरीचे, गोरेपान, छान वाजवत होते. लोक माना डोलावत होते. मी बाबांकडे बघत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग बाबांनी सुकेळ्यांचा पुडा मांडीवरून उचलून हळूच खुर्चीखाली ठेवला.

"काय झालं?"

"हा तो नाय."

"अहो बाबा, मी स्वतःच्या कानांनी नाव ऐकलंय."

"नाव असंल. मानूस चांगला आहे, वाजवतोही चांगलं. पन हा वाट बघत नाय. मागचा वाट बघतो."

माझा पारा चढला. कार्यक्रम संपल्यावर बाबा "चल, बस चुकेल" म्हणत होते आणि मी सरळ आत, कलाकारांच्या खोलीत. वामनराव पाणी पीत होते. मी ओळख ना पाळख, विचारलं, "त्या बाईंच्या रेडिओवरच्या सकाळच्या रागाला व्हायोलिन तुम्हीच वाजवलंय ना? आमचे सासरे म्हणतात, तुम्ही नाही. ते वाडीवाले आहेत, केळी लावतात."

खोलीतले दोघे-तिघे माझ्याकडे, ही कोण वेडी, असे बघायला लागले. वामनरावांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "कुठे आहेत ते?"

स्वतः उठून बाहेर आले. बाबा फाटकापाशी उभे होते. वामनराव त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, "तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग ते. मला त्या आठवड्यात कावीळ झाली होती. कागदोपत्री माझं नाव गेलेलं होतं. मी माझ्या शिष्याला पाठवलं. नंतर दुरुस्त करू, म्हणता म्हणता राहिलं. मग लोक त्या वाजवण्याचं कौतुक करायला लागले, आणि सांगणं आणखी अवघड झालं. तुम्ही पहिले ओळखणारे." आणि म्हणाले, "तुमच्याकडचाच आहे तो. गासचा. पॉल फुर्ट्याडो."

गास. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला. आमच्याकडून एस.टी.ने फार तर पाऊण तास. अकरा-बारा वर्षं बाबा ज्याला रेडिओच्या पेटीत शोधत होते, तो एवढ्या अंतरावर होता. बाबांनी खाली वाकून वामनरावांना नमस्कार केला आणि सुकेळ्यांचा पुडा त्यांनाच दिला. बसमध्ये मला म्हणाले, "खरं बोलला बिचारा. सोपं नसतं."

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी आम्ही गासला गेलो. नवा पुडा घेऊन. चर्चमागच्या गल्लीत विचारत विचारत पोचलो. कौलारू घर, पुढे ओटा, ओट्यासमोर मुळा-वांग्यांचे वाफे. नुसत्या बनियनवर एक साठीचा माणूस वाफ्यांना झारीने पाणी घालत होता. दुपारचं ऊन भाताच्या मोकळ्या शेतांवर पसरलं होतं, आणि सगळं इतकं शांत होतं की झारीतलं पाणी मातीत जिरताना ऐकू येत होतं. आम्ही आगाशीहून आलो म्हटल्यावर तो, म्हणजे पॉलच, हात पुसत वर आला. त्याची बायको सालोमीबाई पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली.

मी सांगून टाकलं सगळं. रेडिओ, मागचा, वामनराव, कावीळ. पॉलकाका मान खाली घालून ऐकत होते. सालोमीबाईंनी मात्र पदर तोंडाला लावला आणि ओट्याच्या पायरीवर बसल्या.

"तेव्हा माझं लग्न नवीन होतं," त्या म्हणाल्या. "रेडिओवर लागणार म्हणून ह्यांच्या वडिलांनी, इनासबाबांनी, इथे ह्याच ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. अर्धं गाव जमलं होतं. शेवटी नाव आलं, ते दुसऱ्याचंच. लोक हसत हसत उठले. इनासबाबा ह्यांना म्हणाले, तू गेलाच नव्हतास तिथं, आम्हाला फसवलंस. मरेपर्यंत तेच म्हणत राहिले. ह्यांनी मुंबई सोडली. आता रविवारी चर्चमध्ये वाजवतात आणि पोरांना शिकवतात, तेवढंच."

"जाऊ दे गं," पॉलकाका म्हणाले.

आता बाबा बोलतील, म्हणून मी वाट बघत होते. बाबा काय बोलले असतील? "मुळा बरा धरलाय." मग पॉलकाका म्हणाले, पाणी अलीकडे खारट लागतं. मग बाबा म्हणाले, आमच्याकडेही लागतं. मग राखेचं खत, मग सुकेळी किती दिवस वाळवायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. दोन वर्षं वणवण करून ह्या माणसाला मुळ्यावर बोलायचं होतं! चहा झाला. बाबा उठले, चपला घातल्या. ओट्याच्या पायऱ्या उतरले आणि वाफ्यापाशी थांबले.

आणि गुणगुणायला लागले.

मी बाबांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आवाज फाटका, दम अपुरा. पण त्यांनी बाईंचं गाणं उचललंच नाही. बाईंच्या जागी ते गप्प राहत होते, तेवढा वेळ नीट मोजून. आणि बाई श्वास घ्यायच्या तिथून सुरू करत होते. एकेक जागा, जशीच्या तशी. बारा वर्षं पाटाच्या बांधावर बसून पाठ झालेली. पॉलकाका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांच्या डाव्या हाताची बोटं चौकटीवर हलत होती, त्यांना स्वतःला ठाऊक नसताना.

मध्येच बाबा थांबले.

"पुढे?" पॉलकाकांनी विचारलं.

"पुढचं मला ठाऊक नाय. साडेसातला माझी पाळी संपते. पानी सांगाया जावं लागतं."

पॉलकाका आत गेले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले असतील. ते व्हायोलिन घेऊन बाहेर आले. ओट्यावर मांडी घालून बसले, तारा लावल्या, आणि बाबा जिथे थांबले होते तिथून पुढे वाजवायला लागले. बाईंच्या जागी तेही थांबत होते. त्या मोकळ्या जागांत गल्लीतल्या कोंबड्या, लांबची एस.टी. आणि झाडावरचे पक्षी ऐकू येत होते. मग जलद आलं. मी ज्याला जलद म्हटलं होतं ते. खरं म्हणजे ते जलद नव्हतंच. घाईत असलेल्या माणसाला कुणी हळूच सांगावं, जा तू, मी आहे मागे, असं काहीतरी होतं. शेजारच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. एक पोर सायकल टेकवून कुंपणाशी थांबलं. बाबा तसेच वाफ्यापाशी, चपला घालून, डोळे मिटून. मला वेळेचं भान राहिलं नाही, आणि मी अशी बाई आहे जिचं घड्याळ बसपेक्षा पाच मिनिटं पुढे असतं.

शेवटचा स्वर त्यांनी उचलला नाही, नुसता सोडून दिला.

मग बाबांनी डोळे उघडले. सदरा खाली ओढून नीट केला. दोन्ही हात जोडले, आणि आयुष्यात मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती अशा स्वच्छ, रेडिओवरच्या भाषेत, शेजारच्या बायकांना, कुंपणापाशीच्या पोराला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आत्ताच आपण गायन ऐकलंत. व्हायोलिनवर साथ केली होती, पॉल इनास फुर्ट्याडो यांनी. मुक्काम गास."

पॉलकाकांनी व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. सालोमीबाई उठल्या. आत गेल्या. दारातून मला समोरच्या भिंतीवरचा फोटो दिसत होता, मिशीवाल्या म्हाताऱ्याचा, इनासबाबांचाच असणार, खाली मेणबत्ती लावलेली. त्या फोटोसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "बाबा, ऐकलंत?"